कलममास्तरांचं साटंलोटं

आमच्या मामाकडे दोन माणसं हसतखेळत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून भागीदारीचा कागद करायला आली, की तो सगळ्यात आधी त्यांना वेगळं करायचा. एकाला आत टेबलासमोर बसवायचा, दुसऱ्याला बाहेर जिन्याजवळच्या बाकावर. चहा दोघांनाही मिळायचा, पण एकत्र नाही. मग दार लोटून तो आतल्या माणसाला चार प्रश्न विचारायचा. तोटा आला तर काय कराल? दुसरा आजारी पडला तर कुलूप कोण उघडेल? तिसरा कोणी मध्ये यायचं म्हणाला तर? चौथा प्रश्न ऐकून माणसं हमखास बिथरायची. मोडायचं झालं, तर तुमच्यापैकी आधी कोण उठेल?

"अहो मास्तर, अजून जुळायचंय, आणि तुम्ही मोडायच्या गोष्टी करता?"

"जुळायच्या आधीच माणूस खरं बोलतो," मामा म्हणायचा. "मोडताना सगळे खोटं बोलतात."

मग पहिला बाहेर, दुसरा आत, आणि पुन्हा तेच चार प्रश्न. दोघांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून, चष्मा कपाळावर चढवून तो जरा वेळ बघत बसायचा आणि मग सांगायचा, की तुमच्या दोघांत जे काही आहे त्याला काय म्हणतात. कागद त्यानंतर. नोंदणी कचेरीसमोरच्या त्या गल्लीत दस्त लिहिणाऱ्यांची आठ-दहा ऑफिसं होती. बाकीचे तासाभरात कागद हातात ठेवून मोकळे व्हायचे. मामाकडे अख्खी सकाळ जायची. गल्ली त्याला कलममास्तर म्हणायची, अर्धं कौतुकानं आणि अर्धं वैतागून.

एकदा एक भट्टीवाला आणि एक टेम्पोवाला आले होते. एक पाव भाजणार, दुसरा दुकानोदुकानी पोचवणार. भट्टीवाला म्हणाला, तोटा आला तर दोघं मिळून सोसू. टेम्पोवाला बिचारा प्रामाणिक होता. तो म्हणाला, तोटा आला तर मी दुसऱ्या भट्टीचा माल उचलीन, माझा टेम्पो काही रिकामा उभा राहणार नाही. मामानं दोघांना समोर बसवून सांगितलं, "तुम्ही भागीदार नाही. सोबती आहात. तुमचा रस्ता एक आहे, धंदा एक नाही. सोबतीचा कागद करतो. त्यात वाईट काही नाही." भट्टीवाल्याचं तोंड एवढंसं झालं. पण पुढे दहा वर्षं त्यांचं उत्तम चाललं आणि भट्टीवाला दर महिन्याला मामाला भेटून जायचा. भागीदारीचा कागद केला असता तर ते दोघं सहा महिन्यांत कोर्टात दिसले असते, असं मामा म्हणायचा. मला ते पटतं.

असे शब्द तो जमवायचा. बुटांच्या एका खोक्यात पोस्टकार्डाएवढे जाड कागद, एकेका कागदावर एकेक शब्द, खाली त्याचं बारीक, सरळ अक्षर. शाळेला सुट्टी असली की मी ऑफिसात जाऊन ते वाचत बसायची. जोडीदार म्हणजे मोठी करवत दोन टोकांना धरणारे दोघं, एक नसला तर दुसऱ्याचं काम तिथल्या तिथे थांबतं. साथीदार म्हणजे मुख्य माणूस दुसराच कोणीतरी असतो. गवयामागेही साथीदार बसतो आणि चोरामागेही साथीदार पळतो, पण पाठीमागेच. पाठिंबा देणारा उंबऱ्याबाहेर उभा असतो, म्हणून त्याला केव्हाही घरी जाता येतं. युतीत दोघांची नावं शाबूत राहतात, दोघांना काहीतरी मिळवायचं असतं. आघाडी कोणाच्या तरी विरुद्ध असते, तो समोरचा आडवा झाला की आघाडीत आपसात सुरू होतं. हातमिळवणी काल भांडणाऱ्यांची. संगनमत फक्त वाईट कामात, आणि तेही तिसऱ्याच्या पाठीमागे. तहाच्या कार्डावर त्यानं लिहिलं होतं, "तह एक जण लिहितो आणि दुसरा त्यावर सही करतो. दोघंही त्याला मैत्री म्हणतात." मला तेव्हा ते फार विनोदी वाटलं होतं.

आता आमच्या घराकडे येते. मला चटकन राग येतो हे आधीच सांगून ठेवते. ह्या गोष्टीत कोणाला झुकतं माप मिळालं तर ते त्या रागामुळे, असं समजावं.

मामाच्या ऑफिसात टेबल एकच होतं, लांब आणि जड. त्याच्या एका बाजूला मामा, आणि बरोब्बर समोर माझे वडील. मामा लिहायचा. वडील गिऱ्हाईक आणायचे, कचेरीत खेटे घालायचे, कारकुनांना ओळखायचे, आवाज चढवायचे. हे दोघं ऑफिसात भागीदार, आणि घरी एकमेकांचे मेहुणे, तेही दुहेरी. माझी आई ही मामाची धाकटी बहीण, आणि मामाची बायको ही माझ्या वडिलांची बहीण, म्हणजे माझी आत्या. दोन घरांनी एकेक मुलगी दिली आणि एकेक घेतली. ह्याला साटंलोटं म्हणतात. दोन्ही लग्नं एकाच आठवड्यात झाली आणि ऑफिसचं दार त्याच महिन्यात उघडलं.

बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणायचं, त्याला मान द्यायचा. इथे दोघंही एकमेकांचे दाजी. दिवसभर त्या टेबलावरून "दाजी, तो दस्त द्या" आणि "घ्या दाजी" असं चालायचं. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, किती सलोखा आहे! मला विचाराल तर दोघांत मान घेणारा एकच होता.

हे साटंलोटं जुळलं कसं, ते मामानं मला एकदाच सांगितलं, मी कॉलेजात असताना. त्याला माझी आत्या आवडली होती. सरळ मागणी घातली. तिकडून उत्तर आलं, मुलगी देतो, पण तुमची बहीण आमच्या मुलासाठी हवी. "मी तिथल्या तिथे हो म्हणालो," मामा म्हणाला. "चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही." आई तेव्हा बावीस वर्षांची होती. ती आतल्या खोलीत होती. तिला काही विचारायचं असतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि त्या कोणात मामाही आला.

मामा-आत्याचा संसार गोड झाला. त्यांना मूल झालं नाही, पण ती दोघं एकमेकांना धरून होती. संध्याकाळी आत्या खिडकीशी उभी राहून त्याची वाट बघायची आणि तो कोपऱ्यावरून हात करायचा, पन्नाशी उलटली तरी. आमच्या घरी वडील आले की आई हातातलं काम टाकून उभी राहायची. ते तिच्याशी आठवडेच्या आठवडे बोलायचे नाहीत. मला निरोप सांगायचे. "तुझ्या आईला सांग, डाळीत मीठ नाही." आई चार हातांवर उभी असायची. मी वळून तिला सांगायची, "आई, डाळीत मीठ नाही." आठ वर्षांची असल्यापासून मी हे काम केलं.

मी दहा वर्षांची असताना एक सुतार ऑफिसात आला होता. त्याच्या भागीदारानं वडिलांशी आधीच संधान बांधलं होतं. कागदात एक कलम असं घालायचं ठरलं होतं, की सुताराला कधी बाहेर पडायचं झालं तर त्याची हत्यारंसुद्धा मागे राहतील. मामानं लिहायला नकार दिला. आवाज न चढवता, नेहमीसारखा. सुतार हत्यारं घेऊन सुखरूप घरी गेला. त्या दिवशी वडील लवकर घरी आले, आईला म्हणाले, "बाहेर हो," आणि दार लावून घेतलं. आई जिन्यात उभी राहिली. शेजारीपाजारी वर जात होते, खाली येत होते, आणि ती प्रत्येकाला सांगत होती की किल्ली आत राहिली. मी आतून दाराच्या फटीतून तिच्या पायांकडे बघत होते. दोन तास. मग वडिलांनी दार उघडलं आणि मला म्हणाले, "उद्या मामाला सांग, आई जिन्यात उभी होती म्हणून."

मी सांगितलं. लहान होते, सांगायचं नसतं हे कळत नव्हतं. मामानं पेन खाली ठेवलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि समोरच्या खुर्चीकडे बघितलं. वडील वर्तमानपत्र वाचत होते. "बरं," मामा म्हणाला. त्यानंतर त्या टेबलावर मामाच्या तोंडून मी "नाही" हा शब्द ऐकला नाही. जे कलम पुढ्यात येईल ते तो लिहायचा. चांगल्या, सरळ अक्षरात लिहायचा. प्रश्न मात्र विचारत राहिला. माणसं खरं सांगायची, तो ते ऐकायचा, आणि वडिलांनी सांगितलेलं कागदावर उतरवायचा. घरी जाताना त्याच्या चेहऱ्याकडे बघवायचं नाही.

मी शिकले आणि पहिली संधी मिळताच दुसऱ्या गावी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. पाय काढता घेतला असं म्हणा हवं तर. आईला मी किती वेळा म्हटलं, माझ्याकडे चल. ती म्हणायची, "बघू." बघू म्हणजे नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

गेल्या वर्षी मी सुट्टीत घरी आले होते, तेव्हा मामाला पत्र आलं. एका कोशाच्या कार्यालयातून. व्यवहारातल्या शब्दांचा मोठा कोश करायचं चाललं होतं आणि त्यांना करारमदाराच्या शब्दांवर काम करणारा माणूस हवा होता. कोणीतरी मामाच्या खोक्याबद्दल त्यांना सांगितलं होतं. दोन वर्षांचं काम, राहायला खोली, पत्नीसह या, असं लिहिलं होतं. मामा एकोणसाठ वर्षांचा. त्यानं ते पत्र मला आधी दाखवलं. दाखवताना तो हसत होता. मी त्याला इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं.

"ते मला शब्द विचारणार, आणि मी सांगीन तेच लिहिणार," तो म्हणाला. "खरं असेल तेच."

आत्यानं दोन दिवसांत बॅगा काढल्या, त्यांना ऊन दाखवलं, मामाच्या स्वेटरला कोपरावर ठिगळ लावलं. मामानं खोक्यातली सगळी कार्डं नव्यानं लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं वडिलांसमोर विषय काढला. मी बाजूच्या स्टुलावर जुने कार्बन निवडत बसले होते. माझ्यासमोर बोलायला वडिलांना कधी संकोच वाटला नाही. मी त्यांच्या लेखी कपाटासारखी होते.

वडिलांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. "जा की दाजी. कोण अडवतंय?"

"दोन वर्षांचाच प्रश्न आहे."

"दोन वर्षं जा, नाहीतर कायमचे जा. फक्त एक. तुम्ही इथून उठलात की मी तुमच्या बहिणीला घरातून उठवतो. साटंलोटं आहे. एकीकडचा खांब काढला की दुसरीकडचा पडणारच. मी काय करू त्याला?"

आवाज अगदी साधा होता. बाहेर बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं असेल, कचेरीच्या कामाचं बोलताहेत. मामा काही वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसला. मग त्यानं कोरा कागद ओढला आणि कोशवाल्यांना नकार लिहिला. तब्येतीचं कारण दिलं. पाकीट स्वतः नेऊन टाकलं. आत्याला म्हणाला, "माझंच मन होत नाही गं ह्या वयात." आत्यानं बॅगा परत वर ठेवल्या. तिचा भाऊ काय बोलला हे तिला कोणी सांगितलं नाही. तिचं तिच्या भावावर प्रेम होतं, आणि मामाला ते मोडायचं नव्हतं.

मी मात्र घरी जाऊन आईला सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला. माझा संताप संताप झाला होता, आणि खरं सांगायचं तर थोडा तिच्यावरही होता. ती भांडी पुसत होती. तिनं शेवटचं भांडं पुसलं, फळीवर ठेवलं, फडकं झटकून वाळत घातलं. "असं म्हणाले?" तिनं विचारलं. "हो." ती ओटा पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील कचेरीत गेल्याचं बघून ती ऑफिसचा जिना चढली. एकतीस वर्षांत त्या ऑफिसात तिनं पाय ठेवला नव्हता. मी मागोमाग गेले. मामा तिला बघून उभाच राहिला.

"चिमे! तू? काय झालं?"

"बस दादा. मी गिऱ्हाईक म्हणून आलेय." आणि ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. वडिलांची खुर्ची तिच्या शेजारीच रिकामी होती, तिच्याकडे तिनं बघितलंही नाही. "तू सगळ्यांना आत घेऊन, दार लोटून विचारतोस ना? लोक सांगतात. मला कधी विचारलंस?"

मामानं समोरचा दस्त मिटून बाजूला सारला.

"लग्नाच्या वेळी नाही विचारलंस. ते सोड, तेव्हा तू पोरगा होतास, डोक्यात दुसरंच होतं. पण नंतर? एकतीस वर्षं आपण एकाच गावात राहतो."

"काय विचारणार होतो?" मामा म्हणाला. "मला दिसत होतं ना सगळं. मी काही केलं की ते तुझ्यावर निघायचं. म्हणून मी मूग गिळून बसलो. तुझ्यासाठी बसलो, चिमे."

"आणि मी तुझ्यासाठी," आई म्हणाली. "मी उठून गेले तर हे म्हणणार, आता माझी बहीण परत पाठवा. तुझा संसार चांगला चाललाय. तो मोडू नये म्हणून मी जिन्यात उभी राहिले."

"मी तिला कधीच पाठवलं नसतं! कोणी काही म्हणालं असतं तरी!"

"हे तू मला आज सांगतोयस."

खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. मामानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही. मी दाराला पाठ लावून उभी होते. मला ओरडावंसं वाटत होतं, दोघांवरही. एकतीस वर्षं दोन शहाणी माणसं एकमेकांना वाचवत बसली आणि एकदाही एकमेकांना विचारलं नाही, की बाबा रे, मी तुला खरंच वाचवतोय का?

आईनंच मग विचारलं, "त्या तुझ्या खोक्यात आपल्यासाठी काही आहे का रे? आपण चौघं जे काही आहोत त्याला?"

"साटंलोटं आहे."

"ते लग्नाचं झालं. लग्नानंतरचं विचारतेय."

मामानं खोकं उघडलं. पार मागून, बाकीच्या कार्डांच्या आडून त्यानं एक कार्ड काढलं. मी ते कधी बघितलं नव्हतं. त्यावर एकच शब्द होता, खाली काही लिहिलेलं नव्हतं. त्यानं ते तिच्यापुढे सरकवलं. ओलीस.

आईनं वाचलं. दोन वेळा वाचलं असावं, कारण बराच वेळ गेला. मग तिनं ते कार्ड परत त्याच्याकडे ढकललं.

"नाही दादा. हा शब्द माझा नाही. ओलीस ठेवलेल्याला सोडवायला कोणीतरी येतं."

मामा रडला. मोठ्या माणसाला असं रडताना बघितलं की काय करावं कळत नाही. आईनं त्याला रडू दिलं. तिनं उठून त्याला जवळ घेतलं नाही, समजूत काढली नाही, खुर्चीतच बसून राहिली. नंतर म्हणाली, "मी आज हिच्याबरोबर जातेय. कोणी उठवायच्या आधी मीच उठले. आता तुझ्या दाजींच्या हातात काही राहिलं नाही. तू त्या कोशवाल्यांना पुन्हा पत्र लिही. आजच लिही. माझ्या देखत."

त्यानं लिहिलं. पाकीट आईनं स्वतःच्या हातानं चिकटवलं. संध्याकाळच्या बसनं आम्ही निघालो, एक पिशवी आणि तिची औषधं घेऊन. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि अर्धा रस्ता तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

पंधरा दिवसांनी मामाचा फोन आला. कोशवाल्यांनी बोलावलंय, निघतोय, म्हणाला. आई हसायला लागली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी तो फोन करतो. आई विचारते, ह्या आठवड्यात कुठला शब्द? तो सांगतो. खोलीच्या खिडकीतून झाडं दिसतात, एक तरुण मुलगी हाताखाली आहे, फार हुशार आहे, तिनं परवा मला साथीदारावर अडवलं. आईला ते सगळं पाठ आहे. शेजारणींना सांगते. ती आता आमच्या गल्लीत लहान मुलांचे कपडे शिवून देते, दुपारी पाय पसरून झोपते, डाळीत कधी मीठ कमी पडलं तर स्वतःच मोठ्यानं सांगते. आत्याशी तिचं बोलणं नाही. आत्याच्या मते तिनं आत्याच्या भावाचं घर उधळलं.

तीन महिन्यांनी मला प्रयोगशाळेच्या कामासाठी आमच्या जुन्या गावी जावं लागलं. दुपारी तासभर मोकळा होता. ऑफिसाला कुलूप असेल, नाहीतर वडील एकटे असतील, असं समजून मी जिना चढले. का चढले, माहीत नाही. दार उघडं होतं. लांब टेबलाच्या ह्या बाजूला वडील, हडकलेले, दाढी वाढलेली. त्या बाजूला मामा.

तो मला घेऊन बाहेर जिन्यात आला. कोशवाल्यांचं उत्तर आलं होतं, त्यानं सांगितलं, पण जागा भरली असं. तुमचा नकार मिळाल्यावर आम्ही थांबू शकलो नाही, क्षमा असावी.

"मग घरी बस ना!" मी म्हणाले. "इथे का येतोस? आता कोण अडवतंय तुला?"

"आत्या म्हणते, माझा भाऊ एकटा पडलाय. जेवत नाही. तुम्ही समोर बसता म्हणून तो निदान घराबाहेर पडतो. दोघांचा डबा देते ती. तिनं आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही गं. हे एकच मागितलं." त्यानं कठड्यावर हात ठेवला. "आधी बहिणीसाठी बसायचो, आता बायकोसाठी बसतो."

"आणि बाबा? अजून तसेच वागतात?"

"आता कलमं सांगत नाहीत. काहीच सांगत नाहीत. दाजी, चहा, एवढंच." त्यानं दाराकडे बघितलं. "कोणी अडवत होतं तेव्हा मनातल्या मनात का होईना, भांडायला तरी माणूस होता. आता कोणाशी भांडू?"

आतून खोकल्याचा आवाज आला आणि मामा आत जायला वळला. मग परत फिरून माझा हात धरला. "चिमीला सांगू नकोस. ती परत येईल. मी सुटलो नाही कळलं तर ती तिथे सुखानं राहायची नाही."

मी सांगितलं नाही. मला खोटं बोलायची चीड आहे, आणि दर रविवारी मी ते बोलते, तेही आईच्या शेजारी बसून. फोनवर मामा झाडांबद्दल सांगतो. त्याच्या खिडकीतून कचेरीची पाण्याची टाकी दिसते, दुसरं काही दिसत नाही. आई डोळे मिटून ऐकते, मध्येच "हो का?" म्हणते, त्याला स्वेटर घालायची आठवण करते. मग फोन ठेवते आणि माझ्याकडे बघून, दर वेळी नव्यानं कळल्यासारखी, म्हणते,

"सुटला गं एकदाचा माझा भाऊ."

मी हो म्हणते.